पडद्यामागची ट्यूब

जुना लॅपटॉप बंद पडला की आमच्या पिढीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डेटा निघेल का? निघाला की उरलेलं यंत्र आपल्या लेखी भंगार. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, माझं निम्मं आयुष्य क्लाउडवर आहे, त्यामुळे मलाही यात काही वावगं वाटत नव्हतं. होटगीच्या काकांना मात्र ते मान्य नव्हतं.

होटगी सोलापूरपासून पंधराएक किलोमीटरवर आहे. रेल्वेचं जंक्शन. एक रूळ वाडीकडे जातो, दुसरा विजापूरवरून गदगकडे. गावात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात आणि काकांचा धंदा या दोन्ही भाषांच्या मधोमध उभा होता. डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दुकानांची बिलबुकं. नवरी होटगीची आणि नवरा इंडीचा असेल तर पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. दोन्हीकडे वर श्री सिद्धेश्वर प्रसन्न.

हा लॅपटॉप त्यांनी 2005 च्या सुमारास सेकंडहँड घेतला. हौस म्हणून नाही, भारनियमनामुळे. त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसातले कित्येक तास वीज नसायची आणि लग्नसराई काही विजेचं वेळापत्रक बघून येत नाही. डेस्कटॉपचा यूपीएस फाइल सेव्ह करण्यापुरता टिकायचा. लॅपटॉप दोन तास ओढायचा. पेंटियम थ्री, विंडोज 98, पेजमेकर आणि मागच्या पॅरलल पोर्टला लावलेली फॉन्टच्या सॉफ्टवेअरची डाँगल. पुढे दुकानात नवे कॉम्प्युटर आले, याची बॅटरी मेली, तरी जुन्या फाइली बघायला तो चार्जरवर चालत राहिला. मग त्याचा स्क्रीन सकाळी सुरू केल्यावर लालसर दिसायला लागला. पाच-दहा मिनिटांनी पांढरा व्हायचा. नंतर नंतर तर दोन सेकंद गुलाबी उजेड आणि मग अंधार.

"गेला बे," काका फोनवर म्हणाले.

गेला नव्हता. पुढच्या सुट्टीत मी लॅपटॉप सुरू केला, खोली अंधारी केली आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरला. आत फिकट, पण स्पष्ट डेस्कटॉप दिसला. आयकॉन, स्टार्टचं बटण, सगळं जागच्या जागी.

एलसीडीचं असंच असतं. ती स्वतः प्रकाशत नाही. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक बारीक झडप, जी मागून येणारा उजेड अडवते किंवा सोडते. मागचा उजेड गेला तरी झडपा आपलं काम करतच राहतात. त्या काळच्या लॅपटॉपमध्ये हा उजेड एका काचेच्या नळीतून यायचा. तिला सीसीएफएल म्हणतात, म्हणजे घरातल्या ट्यूबलाइटची धाकटी बहीण. जाडी साधारण दोन मिलिमीटर, म्हणजे उदबत्तीएवढी, आणि लांबी स्क्रीनच्या रुंदीएवढी. आत निऑन-आर्गॉन वायू आणि पाऱ्याचा अंश. वीज गेली की पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते आणि काचेला आतून लावलेली पूड त्यांचा पांढरा उजेड करते. वर्षानुवर्षं वापरून पारा काचेत आणि टोकांच्या धातूत अडकत जातो. तो कमी पडला की उरलेल्या वायूचा लालसर-गुलाबी रंग तेवढा दिसतो. काकांनी सांगितलेलं लक्षण तंतोतंत हेच होतं. दोन सेकंदांनी अंधार व्हायचा तो इन्व्हर्टरमुळे. ट्यूबला पेटायला हजार व्होल्टच्या आसपास लागतात, ते देणारी छोटी पट्टी म्हणजे इन्व्हर्टर, आणि ट्यूब धड चालत नाही असं दिसलं की तो स्वतःच बंद होतो.

तरी मी आधी डेटाच काढला. हार्ड डिस्क अ‍ॅडॉप्टरला लावली, सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. माझ्या मशीनवर त्यातल्या मजकुराच्या जागी परदेशी अक्षरांचा कचरा दिसला. युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी मराठी डीटीपी असंच चालायचं: फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे कोड, आणि त्या जागी देवनागरीचे आकार दाखवणारा फॉन्ट. फॉन्ट नसेल तर 'शुभविवाह'ची जागा काहीबाही चिन्हं घेतात. यावर कन्व्हर्टर मिळतात. बाहेरचा मॉनिटर जोडला तर काकांच्या लॅपटॉपवर सगळं मूळ रूपातही दिसत होतं. म्हणजे माझ्या व्याख्येनं काम संपलं होतं.

काकांनी पेनड्राइव्ह घेतला, देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवला आणि विचारलं, "मग हे कधी चालू होणार?"

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मला त्याच मापाचा, 14.1 इंची, फुटक्या काचेचा एक स्क्रीन मिळाला. काच फुटलेली, पण मागची ट्यूब शाबूत. दिवाळीत हुतात्मा एक्सप्रेसनं तो मांडीवर घेऊन सोलापूरला आलो.

काम काकांच्या दुकानातल्या टेबलावर केलं. चार्जर काढून ठेवला. बिजागरीजवळचे रबरी टिकल्यांखालचे स्क्रू काढले, पुढची चौकट नखानं सोडवली, पॅनल बाहेर काढलं. ट्यूब खालच्या कडेला पत्र्याच्या पन्हाळीत बसलेली असते. तिचा उजेड बाजूनं एका अ‍ॅक्रिलिकच्या पाटीत शिरतो आणि पाटीवरच्या ठिपक्यांमुळे पूर्ण स्क्रीनभर पसरतो. पाटीवर दोन-तीन पातळ पापुद्रे असतात. त्यात धुळीचा एक कण गेला तर तो कायमचा डाग होऊन बसतो, म्हणून पंखा बंद. काकू कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आल्या, त्यांना काकांनी उंबऱ्यातच थांबवलं.

जुन्या ट्यूबची दोन्ही टोकं काळी पडली होती. मी वायरी सोडवल्या, पण नव्या ट्यूबच्या टोकांना डाग काकांनी दिला. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. ती तार केसासारखी, काच त्याहून नाजूक, आणि सोल्डरिंग गन जास्त वेळ टेकवली तर काच तडकते. त्यांनी दोन्ही टोकं एकेका श्वासात जोडली आणि वर रबरी टोप्या चढवल्या. जुनी ट्यूब प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून झाकण लावलं. पारा आहे, कचऱ्यात टाकायची नाही.

हे सगळं जमलं, कारण त्या स्क्रीनमध्ये चित्र वेगळं आणि उजेड वेगळा होता. तुमच्या हातातल्या फोनचा डिस्प्ले ओएलईडी असेल तर तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो. मागे ट्यूब नाही, पट्टी नाही, त्यामुळे फक्त उजेड बदलायचा म्हटलं तर बदलायला काही नाही. रंग त्याचे फार सुंदर दिसतात. पण बिघडला तर अख्खा पडदा बदलावा लागतो. मला दोन्हींचं तंत्रज्ञान आवडतं, पण काकांसारखा माणूस हात घालू शकेल अशी जागा फक्त एकातच आहे.

लॅपटॉप सुरू झाला. उजेड किंचित पिवळसर, पण सगळीकडे सारखा. काकांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि पेजमेकर उघडलं. पेनड्राइव्हला त्यांनी तोवर हात लावला नव्हता. इथे मात्र ते दीड तास एकेक पत्रिका उघडत राहिले. "हे गल्लीतल्याच घरचं लग्न. ह्यांची पोरगी आता बंगळूरला असते." "ह्या पत्रिकेत कन्नडमधलं आडनाव तीनदा बदलून घेतलं त्यांनी." "हे वारले." फाइलींची नावं फक्त तारखा होत्या, त्यामुळे कोण कुणाचं ते माझ्या कॉपीत कुठेच नव्हतं. ते काकांच्या डोक्यात होतं, आणि बाहेर यायला त्यांना तोच कीबोर्ड, तोच माऊस, त्याच जागचं फोल्डर लागत होतं. मी शेजारी बसून माझ्या मशीनवर तारखांसमोर नावं टाइप करत गेलो. पहिल्या संध्याकाळी चाळीसेक झाली. आता दर रविवारी फोनवर पुढची होतात.

निघताना फुटक्या पॅनलचे उरलेले भाग पुण्याला ई-कचऱ्यात देण्यासाठी मी पिशवीत भरत होतो. काकांनी त्यातले अ‍ॅक्रिलिकची पाटी आणि पापुद्रे काढून घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि फडताळात पेनड्राइव्हच्या वर ठेवले.

"राहू दे की," म्हणाले, "पुढच्या वेळेला लागंल."