आधी लेग, मग हँडल

बारा बोअरच्या पंप बंदुकीचा धक्का कमी करायचा म्हटलं की माणूस पहिल्यांदा दस्त्यामागे बसवायचा रबरी पॅड शोधतो, नाहीतर आत स्प्रिंग असलेला नवा दस्ता. हिशेब मांडला तर वेगळंच दिसतं. ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास वेगाने सुटतात. बूच आणि दारूचा वायू धरून त्यांचा संवेग साधारण १४ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद भरतो, आणि साडेतीन किलोची बंदूक तेवढाच संवेग घेऊन सेकंदाला ४ मीटर वेगाने मागे येते. हा संवेग कुठलाही पॅड नाहीसा करू शकत नाही. पॅड फक्त धक्क्याचा काळ लांबवतो आणि तो जास्त जागेवर पसरवतो, तेही दस्ता मापाचा असला तरच. दस्ता लांब असेल तर तो खांद्याच्या खळगीत न बसता दंडाच्या हाडावर टेकतो. आखूड असेल तर झाडणाऱ्याचाच अंगठा त्याच्या नाकावर आपटतो. म्हणून जाणता कारागीर आधी दस्त्याची लांबी आणि उतार माणसाच्या अंगाला जुळवून घेतो, पॅडचा विचार मागाहून करतो. खाणीतल्या जॅकहॅमर ड्रिलबद्दल मला हेच म्हणायचं आहे. तिथे जवळजवळ एवढाच धक्का मिनिटाला दोन हजार वेळा बसतो, आणि तो कमी करण्याची चर्चा मात्र बहुतेक वेळा हँडल आणि हातमोज्यांपासूनच सुरू होते.

बालाघाटजवळच्या भरवेलीवरून हे नीट समजेल. ही नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉइलची खाण. कंपनी १९६२ सालची, पण इथलं खोदकाम त्याच्या कित्येक दशकं आधीचं; एल. एल. फर्मर यांच्या मँगनीजवरच्या १९०९ सालच्या ग्रंथात या पट्ट्याचं सविस्तर वर्णन आहे. आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण अशी भरवेलीची ओळख आहे आणि काम पावणेचारशे मीटरच्याही खाली पोचलं आहे. इथलं ब्राउनाइट, म्हणजे मँगनीजचं खनिज, क्वार्ट्झशी गुंतलेलं असतं, आणि या पट्ट्यातला गोंडाइट, म्हणजे फर्मर यांनी गोंडांवरून नाव दिलेला गार्नेट-क्वार्ट्झचा खडक, तर विलक्षण कठीण. अशा दगडात होल मारायचं तर घणाच्या तत्त्वावर चालणारं यंत्रच लागतं. खनिजाचा एक थर काढायचा, रिकाम्या जागेत पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरायची आणि त्या भरणावर उभं राहून वरचा थर फोडायचा, अशी इथली पद्धत. ड्रिलरच्या पायाखाली दगडाऐवजी वाळू असते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनात महत्त्वाची आहे.

आता मशीनकडे येऊ. पंचवीस किलोच्या आसपासच्या या जॅकहॅमरच्या पोटात साधारण दोन किलोचा पिस्टन असतो. दाबाखालची हवा त्याला सेकंदाला आठेक मीटर वेगाने रॉडवर आदळवते. दर ठोक्याचा संवेग १६, म्हणजे बंदुकीच्या एका बारापेक्षा थोडा जास्तच. सेकंदाला असे ३३ ठोके धरले तर मशीनला मागे लोटणारं सरासरी बल ५३० न्यूटनच्या घरात जातं, म्हणजे सुमारे ५४ किलोचा रेटा. पिस्टन रॉडवरून उसळून मागे येतो हे लक्षात घेतलं तर प्रत्यक्ष आकडा याहून जास्तच निघेल. हा रेटा कोणीतरी पेललाच पाहिजे. एअरलेग, म्हणजे मशीनला मागून तिरका टेकू देणारा हवेच्या दाबाचा पाय, नव्हता तेव्हा तो ड्रिलरची छाती आणि मांडी पेलत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हलकं ड्रिल, हवेचा लेग आणि टंगस्टन कार्बाइडचं बिट ही त्रयी स्वीडनमधून जगभर पसरली आणि हे ओझं लेगच्या सिलिंडरवर गेलं. गेलं, पण लेग नीट लावला तरच.

नीट म्हणजे काय, तर कोन. लेगच्या सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला ५ किलो असेल तर लेग १६६ किलोच्या बलाने ढकलू शकतो. हे बल तिरकं लागतं. त्याचा एक भाग मशीनला पुढे रेटतो, दुसरा तिला वर उचलतो. ड्रिल, रॉड आणि लेगचा काही भार मिळून ४० किलो उचलायचे आहेत असं धरा. लेग जमिनीशी ३० अंशांत असेल तर ८० किलो बलात उचल बरोबर ४० मिळते आणि पुढचा रेटा ६९, म्हणजे ५४ च्या वर. मशीन आपणहून दगडाला चिकटून राहते आणि ड्रिलरचे हात फक्त दिशा देतात. तोच लेग ६० अंशांत उभा केला तर ४० किलो उचलताना पुढचा रेटा जेमतेम २३ उरतो. मशीन मागे उसळते, ड्रिलर तिला अंगाने दाबतो आणि ठोका थेट त्याच्या मनगटात जातो. थ्रॉटल उघडून रेटा वाढवावा तर उचलही वाढते, ड्रिल छताकडे पळू पाहतं आणि ड्रिलरला त्याला लोंबकळावं लागतं. दोन्ही परिस्थितींत लेग असूनही माणूसच लेग होतो. कोन इतका चढतो तो बहुधा साध्या कारणाने. मिटलेला लेग १.६ मीटरचा आणि होल १.४ मीटर उंचीवर असेल तर कोन ६० अंशांपर्यंत जाणारच. तोच लेग आधी २.४ मीटरपर्यंत उघडून त्याचा पाय मागे रोवला तर कोन ३६ अंशांवर येतो. पण वाळूवर पाय रुततो आणि मागे सरकतो, म्हणून ड्रिलर तो जवळ, उभा रोवतो. त्याचा दोष नाही. लेगच्या पायाखाली रुंद फळी किंवा लोखंडी पट्टी मिळाली असती तर त्याने तो मागेच रोवला असता.

यावर म्हटलं जातं की कंपन गिळणारं, स्प्रिंगवर बसवलेलं हँडल आणि खास हातमोजे दिले की काम भागेल. मी अशा हँडलच्या विरोधात नाही. पण स्प्रिंग काम करते ती तिला हलायला जागा असेल तोवर. ड्रिलर सगळं अंग टाकून दाबत असेल तर ती पूर्ण दबून टेकते आणि मग ते हँडल म्हणजे नुसता लोखंडी दांडा उरतो. मापाचा नसलेल्या दस्त्यावर महागडी स्प्रिंग बसवल्यावर होतं तेच इथे होतं. हातमोज्यांची मर्यादा तर भौतिकशास्त्रानेच ठरवली आहे: मऊ थर उच्च वारंवारतेची कंपनं अडवतो, तर ड्रिलचा मुख्य ठोका ३३ हर्ट्झचा, आणि तो जवळजवळ तसाच पार होतो. हातमोजा घालावा तो हात कोरडे आणि उबदार राहावेत म्हणून. धुळीसाठी पाणी सोडून ड्रिलिंग करणं अनिवार्यच आहे आणि ते पाणी सतत हातांवर येतं, तेव्हा एवढ्यासाठीही तो हवाच.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. पांढरी बोटं हा थंड देशांचा रोग, बालाघाटच्या उष्ण खाणीत त्याची काळजी कशाला? ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडी कारागिरांची बोटं तपासली, तेव्हा थंडीत बोटं मेल्यासारखी पांढरी पडणं हेच ठळक लक्षण होतं, हे खरं. पण कंपनाने रक्तवाहिन्यांना इजा होते तशी मज्जातंतूंनाही होते, आणि मज्जातंतूंची इजा थंडीची वाट पाहत नाही. उष्ण प्रदेशांत बोटं पांढरी पडलेली क्वचित दिसतात. मुंग्या, बधिरपणा, सदऱ्याचं बटण लावताना अडखळणं ही लक्षणं मात्र दिसतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी ५ मीटर प्रतिसेकंद वर्ग ही कमाल मर्यादा आणि उपाय सुरू करण्यासाठी २.५ ही पातळी आहे. हँडलवर २० चं कंपन असेल, आणि जॅकहॅमरवर ते असू शकतं, तर सूत्राप्रमाणे साडेसात मिनिटांत पहिली पातळी आणि अर्ध्या तासात कमाल मर्यादा गाठली जाते. एका शिफ्टमध्ये ड्रिल प्रत्यक्ष किती वेळ चालतं हे खाणीत काम केलेल्या कुणालाही विचारा.

उत्पादनाचा मुद्दाही मांडला जातो. लेग अर्धा उघडून सुरुवात केली की त्याचा पल्ला कमी उरतो, एका होलमागे पाय एकदा जास्त सरकवावा लागतो, शिफ्टचे मीटर कमी भरतात. पाय सरकवायला वेळ जातो हे मान्य. पण रेटा अपुरा असलेलं ड्रिल दगडावर नाचतं, बिट दगडाला टेकलेलं नसताना पडणारा ठोका वाया जातो, आणि तीच ऊर्जा रॉड, चक आणि मशीनचे बोल्ट झिजवते. अपुऱ्या रेट्याचं नुकसान मीटरमध्ये, सुट्या भागांत आणि मनगटात असं तिन्ही ठिकाणी होतं. उलट जास्त रेटा दिला तर रॉड फिरायचा थांबतो. मधला टप्पा कानाला कळतो, आणि अनुभवी ड्रिलर तो ओळखतात. त्यांना तो साधू देईल अशी जागा आणि हवा मात्र त्यांना मिळायला हवी.

हवेचं तर वेगळं सांगायला हवं. कॉम्प्रेसरवर साडेपाच किलो दाब दाखवणारा काटा फेसवरच्या, म्हणजे दगड फोडला जातो त्या जागेवरच्या, दाबाबद्दल काहीच सांगत नाही. लांब पाइपलाइन, गळके सांधे, एकाच वाहिनीवर चार मशीन, आणि फेसवर दाब ४ वर येतो. मग लेगचं कमाल बल १६६ वरून १३३ वर उतरतं. पुढची कसर माणूस अंगाने भरून काढतो. फेसजवळ एक दाबमापक बसवायला जो खर्च येईल तो एका हँडलच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

जिथे मोठं बोगदेवजा काम आहे तिथे चाकांवरचं जंबो ड्रिल आणावं आणि माणसाचा हात कंपनापासून पूर्ण सोडवावा, याबद्दल दुमत नसावं. पण अरुंद स्टोपमध्ये, म्हणजे खनिज काढण्याच्या पोकळीत, वाळूच्या भरणावर, जॅकहॅमर अजून बरीच वर्षं राहणार आहे. तिथे माझी मागणी माफक आहे: प्रत्येक स्टोपमध्ये दोन लांबींचे लेग, त्यांच्या पायाखाली न रुतणारी पट्टी, उंच होलांसाठी उभं राहायला मचाण, सरळ वरच्या होलांसाठी ज्याचा लेग मशीनच्या रेषेतच असतो असं स्टोपर, आणि मगच नवं हँडल. नियतकालिक वैद्यकीय तपासणीत छातीच्या एक्स-रेबरोबर बोटांचीही चौकशी व्हावी. मुंग्या, बधिरपणा आणि बोटांची चपळाई यांची प्रतवारी स्टॉकहोम श्रेणी १९८६ पासून देते आहे. तिला यंत्र लागत नाही, एक डॉक्टर आणि पाच मिनिटं लागतात. लेग बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर वर्षभराने त्याच ड्रिलरची नोंद झाली, तर मी इथे कागदावर मांडलेला हिशेब फेसवर खरा उतरतो की नाही, हे भरवेलीतच ठरवता येईल.