नव्वद दिवस

माझे एक चुलतकाका २०१९ च्या जूनमध्ये घाटकोपरला वारले. बाबा त्याच रात्री कणकवलीहून गाडी पकडून मुंबईला गेले, बाराव्यापर्यंत राहिले, परत आले आणि दुसऱ्या दिवशी कलमांना खत घालायला बागेत गेले. ही बातमी आमच्या वकिलांनाही कळवायची असते, हे घरात कोणाच्या डोक्यातही आलं नाही. का येईल? घरचा माणूस गेला होता. तो आमच्या दाव्यातला प्रतिवादी क्रमांक चारही होता, हे आम्हाला फार उशिरा आठवलं.

दावा वाटपाचा. देवगड तालुक्यात ज्याच्या घरी असा दावा नाही, त्याच्या शेजाऱ्याच्या घरी तरी असतोच. पणजोबांची जमीन, त्यात आजोबांनी लावलेली हापूसची कलमं, सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आणि त्यातली अर्धीअधिक मुंबईला. दाव्यातला एखादा पक्षकार वारला तर ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणावे लागतात. नाही आणले तर त्या माणसापुरता दावा आपोआप संपतो. वकील मंडळी त्याला ‘ॲबेट झाला’ म्हणतात. पुढच्या ६० दिवसांत तो परत उभा करायला अर्ज करता येतो. तेही चुकलं तर उशीर माफ करा म्हणून अजून एक अर्ज. वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार समोर असावे लागतात, त्यामुळे एकाच्या बाबतीत दावा पडला की अख्खा दावा लंगडायला लागतो. आम्ही पहिल्या दोन्ही मुदती चुकवल्या आणि दीड वर्षाने तिसऱ्या अर्जापाशी पोचलो.

बाबांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “बाराव्याक बसान मी कोर्टाचो इचार करूचो होतो काय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण वकील व्हायचं माझ्या डोक्यात त्या दिवशी आलं. न्यायबियाय असलं काही मोठं नव्हतं त्यात. घरात एका तरी माणसाला ९० दिवस मोजता यायला हवेत, इतकंच.

तोवर मी बीएस्सी करत होते, रसायनशास्त्र. डिग्री झाल्यावर जामसंड्याला एका ई-सेवा केंद्रात बसायला लागले. उत्पन्नाचे दाखले, पॅनकार्डं, आणि सगळ्यात जास्त सातबारे. ऑनलाइन सातबारा १५ रुपयांत निघतो. प्रिंट हातात घेतलेला माणूस मात्र लगेच निघत नाही. तो कागद काचेवर ठेवतो, एका नावावर बोट ठेवतो आणि विचारतो, “ह्या कोण?” मी कशी सांगणार? कधी ती १९६० मध्ये लग्न होऊन गेलेली आत्या असते, कधी निपुत्रिक गेलेला काका, कधी चुकून लागलेलं भलतंच नाव. रोज दोन-तीन तरी असे येतात. मी फेरफार काढून देते, आठ-अ काढून देते, आणि शेवटी सांगते, “वकिलांना विचारा.” तीन वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत बसल्यावर माणसाला स्वतःचा कंटाळा येतो.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या विषयाचा पदवीधर एका वर्षाचा रूपांतराचा कोर्स करून कायद्याकडे वळू शकतो. आपल्याकडे पदवीनंतरची एलएलबी पूर्ण तीन वर्षांची, आणि ती घरी बसून होत नाही. पोस्टाने किंवा मोबाइलवर केलेली एलएलबी बार कौन्सिल मानत नाही, ७० टक्के हजेरी लागते. हे मुद्दाम सांगतेय, कारण मला निम्म्या देवगडने “नोकरी सांभाळून बाहेरून कर ना” हा सल्ला दिलाय. सीईटीला वयाची अट नाही, ही त्यातली चांगली बाजू. माझ्याबरोबर परीक्षेला बसलेल्या एका काकूंचा मुलगा बारावीत होता.

म्हणजे प्रश्न उरला तो कुठे, याचा. सीईटीचा अभ्यास मी पाच महिने केला. कॉलेजांची यादी मात्र वर्षभर चालली होती. आंब्याच्या पेट्यांच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानावर. खोडून खोडून ते पान फाटलं.

पहिल्या यादीत वर मुंबई होती. आमच्याकडे ‘शिकायला गेली’ म्हटलं की मुंबईलाच गेली असं धरतात. चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ सालचं, डॉ. आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्राचार्य झाले. शिवाय सरकारी, म्हणून फी कमी. मुंबईत मुलं सकाळी लेक्चरं करून दुपारी एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये कामाला जातात, हायकोर्ट चालत जाण्याइतकं जवळ. हे सगळं मला पाठ होतं. विरारला मावशी आहे. विरार ते चर्चगेट दीड तास, तेवढाच परत. तेही मी मान्य करून टाकलं होतं.

मग एकदा रात्री मी स्वतःलाच विचारलं, की तिथे तीन वर्षं काढल्यावर मी परत येईन का? उत्तर यायला वेळ लागला नाही. नाही येणार. मी स्वतःला ओळखते. मला लोकल आवडते, गर्दीत कोणी ‘अमक्याची मुलगी ना तू’ असं विचारत नाही ते तर फारच आवडतं. दोन वर्षांत मी मुंबईची होईन आणि सातबाऱ्यावरच्या मुंबईकर नावांत अजून एकाची भर पडेल. यात वाईट काही नाही, आमची अर्धी माणसं तशीच जगली. पण मग ९० दिवस मोजायला इथे कोण राहणार?

पुण्याचं आयएलएस मी फार काळ यादीत ठेवलं नाही. १९२४ पासूनचं नावाजलेलं कॉलेज, पण पुण्याचा खोलीचा खर्च ऐकून आईने दुसरा विषय काढला.

आईचं मत पहिल्यापासून कुडाळ. कुडाळला व्हिक्टर डान्टस लॉ कॉलेज आहे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. “सकाळी जा, सांजेक ये,” असं ती म्हणते, जणू कुडाळ तारामुंबरीच्या पलीकडेच आहे. देवगडहून एसटीने दोन तासांच्या वर लागतात, आणि पावसात किती लागतील ते पाऊस ठरवतो. तरी आईचा मुद्दा नुसता मायेचा नव्हता. बाबांची पाठ गेल्यापासून मे महिन्यात आंबा उतरवायला, पेट्या भरायला घरात माणूस हवं असतं. मी कुडाळला असले तर रविवारी तरी बागेत असेन.

कुडाळच्या बाजूने मला एक गोष्ट फार पटली होती. आमच्यासारख्यांचं निम्मं काम हायकोर्टात नसतंच. वाटपाचा हुकूमनामा झाला तरी शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून व्हायचं असतं. म्हणजे निकालानंतर पुन्हा तहसील, मोजणी, नकाशे, आणि शेजाऱ्याने घातलेला गडगा. हे शिकायचं तर ओरोस आणि देवगडच्या आसपासच राहायला हवं. भाषेचंही तेच. खालच्या कोर्टाची भाषा मराठी, हायकोर्टाची इंग्रजी. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं आहे. उभं राहून बोलायची वेळ आली की मला आधी घाम येतो, मग शब्द.

(मध्येच एक आठवडा पणजीचंही खूळ होतं. नकाशात बघितलं तर देवगडहून पणजी मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पण गोव्याचा वारसा आणि विवाहाचा कायदा पोर्तुगीज काळापासून वेगळा. मी शिकणार तिथलं आणि भांडणार इथलं, म्हणून ते खूळ गेलं.)

यादीत कोल्हापूर तोपर्यंत नव्हतंच. कोल्हापूर म्हणजे आमच्यासाठी दवाखाना. मोठं दुखणं निघालं की घाट चढायचा.

मग १ ऑगस्ट २०२५ ला बातमी आली की मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला होणार. १७ ऑगस्टला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं, १८ पासून काम सुरू. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, असे सहा जिल्हे. तिथल्या वकिलांनी यासाठी चाळीसहून जास्त वर्षं आंदोलनं केली होती. ई-सेवा केंद्रातल्या बाकावर बसून मी ती बातमी चारदा वाचली. आमचा दावा उद्या दुसऱ्या अपिलापर्यंत गेला, तर तो आता मुंबईला जाणार नव्हता.

दहा दिवसांनी गणपती होते. दाव्यात आम्ही आणि ते समोरासमोर असलो तरी मूळ घरातला गणपती एकच. आरतीला वादी डाव्या बाजूला आणि प्रतिवादी उजव्या, असं काही नसतं. झांजा ज्याच्या हाताला लागतील त्याच्या. घाटकोपरचा दादा आला होता, वारलेल्या काकांचा मुलगा. म्हणजे ज्याचं नाव आम्ही ९० दिवसांत लावायला विसरलो तोच. मोदक वळताना त्याने मला विचारलं, “वकिली करतेस म्हणे? मुंबईत ये. आमच्याकडे राहा, बाबांची खोली रिकामीच आहे.”

तो मनापासून बोलत होता. कपट शोधायचा मी प्रयत्न केला, सापडलं नाही. घाटकोपरची फुकट खोली म्हणजे विरारचा प्रवास वाचला, मावशीवरचा भार वाचला. त्या खोलीत राहून मी त्याच्याच हिश्श्याविरुद्धचे अर्ज वाचणार होते. मी “बघते” म्हटलं आणि चुकीच्या कळ्या पाडलेला मोदक मोडून परत वळायला घेतला.

रात्री बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “खय शिकूचा ता तू ठरय. परत येतलंस काय, येवढाच माका सांग.”

जानेवारीत मी त्यांना घेऊन कोल्हापूरला गेले. मोहोराचे दिवस, फवारणी गड्यावर सोडून ते आले हेच खूप. फोंडाघाट चढून दाजीपूरच्या जंगलातून राधानगरीमार्गे साधारण चार तास. सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बेंच बसतं, तो रस्ता बाबांना पाठ होता. आजीला त्यांनी सीपीआरलाच आणलं होतं. ते फाटकापाशी थांबून इमारतीकडे कमी आणि हॉस्पिटलकडे जास्त बघत होते. बाहेर काळ्या कोटांची गर्दी, चहाच्या टपरीवर फायली. एक वकीलबाई फोनवर कोणाला तरी अस्सल मालवणीत झापत होत्या, वारस दाखला अजून का पाठवला नाही म्हणून. मी त्यांच्याकडे इतकं बघत राहिले की त्यांनी फोन कानाला धरूनच मला खुणेने विचारलं, काय हवंय? मी नुसती मान हलवली.

नंतर शहाजी लॉ कॉलेज बघितलं, १९३३ पासूनचं. मुलींच्या खोल्यांची चौकशी केली. भाडं घाटकोपरच्या फुकट खोलीपेक्षा अर्थातच जास्त, आमच्या अंदाजापेक्षा थोडं कमी. बाबांनी घरमालकिणीला पाणी किती वाजता येतं ते विचारलं, आणि बाकी काहीच विचारलं नाही.

मला ठाऊक आहे, हे सर्किट बेंच आहे, कायमचं खंडपीठ नाही. मी सनद घेईपर्यंत आमचा दावा मिटलेला असेल किंवा दुसऱ्याच कुठल्या अर्जात अडकलेला असेल. माझी एक मैत्रीण न्यायाधीश व्हायचं म्हणतेय, आणि मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून त्या परीक्षेआधी तीन वर्षं वकिली करावी लागते, म्हणून ती सरळ मुंबईला निघालीये. तिच्या मते घरच्या दाव्यासाठी वकील होणं म्हणजे दाढ दुखते म्हणून डेंटिस्ट होणं. असेल. पण तो काउंटर, ती काच आणि “ह्या कोण?” हे काही आमच्या एका दाव्यापुरतं नाही. कोल्हापूरला मला अपिलं बघायला मिळतील, इंग्रजीचा घाम तिथेच काढता येईल, आणि शनिवारी दुपारची एसटी धरली तर रात्री देवगडला जेवायला पोचता येईल.

सीईटी झाली. माझ्या यादीत आता पहिलं कोल्हापूर, दुसरं कुडाळ. मुंबईचं एकच नाव ठेवलंय, शेवटी. ते पूर्ण खोडणं मला जमलं नाही. दादाला अजून कळवलेलं नाही.

जानेवारीतल्या त्या दिवशी परत येताना दाजीपूरला अंधार पडला. गाडीत आठ-दहा माणसं होती. बाबा मध्येच म्हणाले, “पालघरची आत्या आजारी आसा, कळला तुका?” मला कळलं नव्हतं. आत्या प्रतिवादी क्रमांक अकरा. मी मोबाइल काढला आणि म्हटलं, बाबा, सगळ्यांची नावं सांगा, कोण कुठे असतं, फोन कोणाकडे आहे, मी लिहून घेते. ते बोटांवर मोजत सांगायला लागले. घाट उतरून फोंड्याचे दिवे दिसले तेव्हा आम्ही एकोणिसाव्या नावावर होतो, आणि त्या नावाचा माणूस जिवंत आहे की नाही ते बाबांना आठवत नव्हतं.