पेण-रोहा आणि तेलाचा भाव

आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरात तेलाच्या भावाची बातमी दोनदा वाचली जाते. एकदा गावातल्या पेट्रोलपंपासाठी आणि एकदा आखातात गेलेल्या माणसासाठी. भाव चढला की इथे स्वयंपाकघरापासून मिनीडोअरपर्यंत सगळे महाग होते. भाव कोसळला की तिकडे कंपन्या माणसे कमी करतात आणि महिन्याचे पैसे यायचे थांबतात. दोन्हीकडून मार आपल्यालाच. माझे वडील ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतला होते. इराकी फौजा शिरल्यावर ते वाळवंटातून अम्मानपर्यंत आले आणि तिथून विमानाने मुंबईला. त्या वेळी १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना असे परत आणले गेले. त्यांतली किती घरे रायगड-रत्नागिरीतली असतील ते आपल्या कुणालाही आपल्या मोहल्ल्यावरून ओळखता येईल. मी तेव्हा तीन वर्षांची होते. अब्बा सांगायचे, लढाई तेलासाठी झाली आणि घरी आलो तर रॉकेलच्या रांगेत उभा राहिलो.

पुढे २०१४ च्या मध्यात ११० डॉलरच्या आसपास असलेले कच्च्या तेलाचे पिंप जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्याही खाली आले. मुंबईत पेट्रोल साठ-पासष्टच्या घरात होते आणि वर्तमानपत्रे स्वस्ताईच्या बातम्या देत होती. आमच्या घरी मात्र भाईजान दोन बॅगा घेऊन परतले होते. त्यांचा चार महिन्यांचा पगार तिकडेच अडकला होता. त्या उन्हाळ्यात स्वस्त पेट्रोलचे कौतुक करणाऱ्या माणसाशी काय बोलावे हे मला सुचत नसे.

मी राहते पेणला आणि शिकवते रोह्याला, उर्दू माध्यमाच्या माध्यमिक शाळेत. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रोहा म्हणजे सी. डी. देशमुखांचे गाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. अशा गावात नोकरी करून आपल्याला हिशोब कळत नाही म्हणणे बरे दिसत नाही, म्हणून मी वही ठेवते. वहीच्या एका पानावर प्रवास, दुसऱ्यावर गॅस आणि किराणा. तिसरे पान मुलांसाठी आहे. ते सहसा कोरे राहते.

पेणहून रोह्याला जायला मेमू आहे. तिचा पास स्वस्त, पण तिच्या वेळा आणि शाळेची घंटा यांचे काही केल्या जमत नाही. म्हणून जाताना आम्ही चौघे शिक्षक एका गाडीतून जातो आणि पेट्रोलची कॉन्ट्री काढतो. येताना मिळेल ते. वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंड. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले. त्यानंतर कितीतरी पावसाळे आम्ही खड्डे चुकवत काढले. खड्ड्यात गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरवर चालते आणि पेट्रोल जास्त खाते. म्हणजे दरवाढ दोन प्रकारची : एक पंपावरच्या पाटीवर लिहिलेली आणि एक रस्त्यात पुरलेली.

आमच्या चौघांतला सर्वांत तरुण शिक्षक शिक्षणसेवक होता. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला तेव्हा महिना ८ हजार रुपये मानधन होते. ते १८ हजार झाले २०२३ मध्ये. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत पेट्रोल १२० रुपयांवर गेले, आमच्याकडेही तसेच. महिनाअखेरीस कॉन्ट्रीचा हिशोब व्हायचा तेव्हा तो खिडकीबाहेर बघत बसे. मग आम्ही तिघांनी ठरवले की त्याने कॉन्ट्रीऐवजी गाडी चालवायची. त्याचा मान राहिला आणि आम्हाला ड्रायव्हर मिळाला.

हा भाव नुसता अरबस्तानात ठरतो असेही नाही. मे २०२० मध्ये जगात कच्चे तेल कवडीमोल झाले होते. तेव्हा केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. तेल स्वस्त झाल्याचा फायदा पंपापर्यंत पोहोचलाच नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये हा कर दोन हप्त्यांत उतरवला, जुलै २०२२ मध्ये राज्यानेही पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये कमी केले. मधल्या दोन वर्षांचे काय, ते कुणी विचारू नये.

माझे पती टेम्पो चालवतात. पेणच्या गणपतीच्या मूर्ती मुंबई-ठाण्याला पोहोचवणे हा त्यांचा हंगामाचा मुख्य धंदा. आमच्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. मूर्ती नीट बांधणारा आणि खड्ड्यात हळू चालवणारा माणूस लागतो, त्याचे नाव कुणी बघत नाही. पण भाडे ठरते कारखानदाराशी, वर्षाच्या सुरुवातीला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईत ८० च्या आसपास असलेले डिझेल सप्टेंबरात, गणपतीच्या तोंडावर, ९६ च्या पुढे गेले होते. ठरलेला शब्द त्यांनी मोडला नाही. कारखानदारही काही श्रीमंत नव्हता, त्याने दोन फेऱ्यांचे वरचे पैसे आपणहून दिले. उरलेली तूट आमच्या वहीच्या दुसऱ्या पानावर आली.

त्या पानावर गॅस आहे. मुंबईत घरगुती सिलिंडर जानेवारी २०२१ मध्ये ६९४ रुपयांना होता आणि मार्च २०२३ मध्ये १,१०२ रुपये ५० पैशांना. पेणला थोडे पुढेमागे. आधी खात्यात अनुदान यायचे, तेही मे २०२० पासून बंद झालेले. त्या वर्षी दरवाढ झाली १ मार्चला आणि रमजान सुरू झाला २४ मार्चला. रमजानमध्ये पहाटे सहरी आणि संध्याकाळी इफ्तार. शिवाय शेजारी थाळी पाठवायची रीत. ज्या घरातून आपल्याकडे थाळी येते तिथे रिकामी थाळी परत पाठवायची नसते. माझ्या सासूबाईंनी त्या महिन्यात अंगणातली चूल पुन्हा मांडली. तांदळाची भाकरी चुलीवरच चांगली होते असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरेही आहे. पण त्यांचे डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे. मी नको म्हटले तर म्हणाल्या, "तू शाळेत धडे दे, चुलीचं मला ठाऊक आहे."

चुलीला लाकूड फुकट नाही. कातकरी वाडीतली एक बाई डोक्यावर मोळी घेऊन येते. २०१६ च्या उज्ज्वला योजनेतून तिच्याही घरी शेगडी आणि सिलिंडर आले. पहिला सिलिंडर संपला, दुसरा आणायला पैसे नाहीत, म्हणून तिच्या घरात तो टाकी म्हणूनच उभा आहे आणि वर दिवा ठेवतात. गॅस चढला की तिची मोळीही वीस-तीस रुपयांनी चढते. सासूबाई घासाघीस करतात, ती हसते. तिला बाजार आमच्यापेक्षा चांगला कळतो. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये २०० आणि मार्च २०२४ मध्ये १०० रुपये उतरले. एप्रिल २०२५ मध्ये ५० पुन्हा चढले. चूल मात्र एकदा मांडली ती मांडलीच.

गंमत अशी की मेमू नागोठण्याच्या जवळून जाते तेव्हा पेट्रोकेमिकलच्या कारखान्याच्या चिमण्या दिसतात. बॉम्बे हायचा गॅस उरणला येतो आणि तिथून जिल्ह्यातल्या कारखान्यांना जातो. उरणला सिलिंडरही भरतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पण मला खरे सांगायचे आहे ते शाळेतले.

कोरोनानंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले. दीड वर्षाने मुली समोर बसल्या होत्या. त्याच महिन्याच्या शेवटी एस.टी.ची भाडेवाढ झाली, १७ टक्क्यांची, आणि लगेच २८ तारखेपासून एस.टी.चा संप सुरू झाला. तो एप्रिलपर्यंत चालला. संपकऱ्यांशी माझे भांडण नाही, त्यांच्याही घरी वह्या असतील. मुलींकडे एस.टी.चा मोफत पास होता आणि एस.टी.च नव्हती. मिनीडोअरवाल्यांनी भाडे वाढवले. पेट्रोल मुंबईत ११५ च्या वर आणि डिझेलही शंभरी ओलांडलेले, त्यांनी तरी काय करावे?

माझ्या आठवीच्या आणि नववीच्या वर्गात दोन सख्ख्या बहिणी होत्या. वडील धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे रोजावर. डिसेंबरात हजेरीपट भरताना माझ्या लक्षात आले की थोरली सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी हजर असते आणि धाकटी मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी. घरून एकीचेच भाडे मिळत होते. दोघींनी आपापसांत वाटून घेतले होते. रात्री थोरली धाकटीला आणि धाकटी थोरलीला, दिवसभर शाळेत काय झाले ते सांगे. मी थोरलीला विचारले की वडिलांना हे माहीत आहे का. ती म्हणाली, "मॅडम, अब्बूको मालूम है, लेकिन उनको मालूम नहीं कि हमको मालूम है." या वाक्यावर मी अजून विचार करते.

तालुक्याच्या एका बैठकीत उपस्थितीचा विषय निघाला तेव्हा एका सद्गृहस्थांनी सहज म्हटले, तुमच्या समाजात मुलींना शिकवण्याची आवड कमी. ही ओळ आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आपल्यात काही दोष आहेत, ते आपण आपल्या संमेलनांतून बोलतोही. पण त्या दिवशी माझ्या पिशवीत हजेरीपट होता. मी तो टेबलावर उघडून ठेवला आणि त्या दोन ओळी दाखवल्या. ते गृहस्थ चांगले निघाले. त्यांनी वाचले, चष्मा पुसला आणि पुढचा विषय घेतला.

सहलीचेही तसेच. जानेवारी २०२३ मध्ये नववीच्या मुलींना इमॅजिकाला न्यायचे ठरत होते. हे उद्यान आपल्याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला २०१३ मध्ये सुरू झाले. मुंबई-पुण्याची माणसे द्रुतगती मार्गाने गाड्या भरून येतात. आमच्या मुलींनी ते मोबाइलवर पाहिलेले. शाळकरी सहलीला एस.टी. निम्म्या भाड्यात मिळते, उद्यानही शाळांना सवलत देते. तरी तिकीट, बस, जेवण मिळून माणशी हजाराच्या घरात जात होते. अठ्ठेचाळीस मुलींपैकी अकरा नावे आली.

बाकीच्यांची कारणे मी लिहून घेतली होती. एकीला बसमध्ये उलटी होते. तीच मुलगी रोज धाटावच्या पलीकडून बसनेच येते. दोघींना उंच पाळण्याची भीती वाटते. एकीच्या घरी लग्न. पाच-सहा जणींनी सांगितले, अब्बू परवानगी देत नाहीत. त्यांतल्या एकीचे वडील मला रोह्याच्या बाजारात भेटले, मासळीची पाटी घेऊन. मी म्हटले, "भाई, मुलीला सहलीला पाठवा, आम्ही बायका बरोबर आहोत." ते गोंधळले. म्हणाले, "मॅडम, कुठली सहल? तिने मला विचारलंच नाही." थोडा वेळ थांबून त्यांनी रक्कम विचारली. मी सांगितली. ते पाटीतला बर्फ सारखा करत राहिले.

माझ्या लहानपणी, मी सातवीत असताना, आमची शाळा एस्सेलवर्ल्डला गेली होती. गोराईच्या खाडीतून लाँचने. अब्बा तेव्हा पुन्हा आखातात होते, म्हणून पैसे लगेच मिळाले. ते उद्यान २०२२ मध्ये बंद झाले. ज्यांचे वडील इथेच होते त्या माझ्या मैत्रिणी त्या दिवशी कुठे होत्या, हे मी कधी विचारले नव्हते. आमच्यासाठी करमणुकीचे उद्यान म्हणजे खरे तर उरुसाची जत्रा. आकाशपाळणा, मौत का कुआँ. तेही डिझेलच्या जनरेटरवर आणि पेट्रोलच्या फटफटीवर चालते. दहा रुपयांचा पाळणा वीसचा, मग पन्नासचा झाला. फेऱ्या मात्र कमी झाल्या. पाळणेवाला पूर्वी दोन रिकाम्या फेऱ्या उगाच मारायचा, गर्दी जमावी म्हणून. आता सगळ्या पेट्या भरल्याशिवाय जनरेटर चालू करत नाही.

शेवटी सहल मुरुड-जंजिऱ्याला गेली. शंभर-सव्वाशे रुपयांत बस आणि घरून आणलेले डबे. त्रेचाळीस मुली आल्या. इतिहासाच्या बाईंनी सिद्दींबद्दल सांगायची तयारी केली होती, पण राजपुरीच्या धक्क्यावर मुलींचे सगळे लक्ष होड्यांवर. किल्ल्याला जाणाऱ्या या होड्या शिडाच्या. उलटी होणारी मुलगी सर्वांत पुढे नाळेवर बसली आणि तिला काही झाले नाही. दोघी बहिणीही होत्या, एका दिवशी दोघी. त्यांतल्या थोरलीने नावाड्याला विचारले, "चाचा, हिला डिझेल लागत नाही ना, मग भाडं का वाढलं?"

नावाड्याने शीड आवळले आणि म्हणाला, "शीड वाऱ्यावर चालतं पोरी. घरी सिलिंडर लागतो तो?"