ज्या पापाला क्षमा नाही

धर्मग्रामात सेवा करताना एक प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. विचारणारी व्यक्ती बहुधा वयस्क असते, आवाज खाली गेलेला असतो. "फादर, ज्या पापाला क्षमा नाही, ते माझ्या हातून घडले असेल का?" ही भीती कित्येकांना वर्षानुवर्षे प्रायश्चित्त संस्कारापासून दूर ठेवते, म्हणून तिचा येथे विचार करू.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायात प्रभू येशू हे शब्द जेरुसलेमहून आलेल्या शास्त्र्यांना उद्देशून बोलतो. प्रभू भूतग्रस्तांना मुक्त करीत होता. डोळ्यांदेखत चांगले घडत असतानाही, हे बालजबूलचे काम आहे असे ते म्हणत होते. पवित्र आत्म्याच्या कार्याला जाणूनबुजून सैतानाचे कार्य म्हणणे, हे ते दुर्भाषण होय. परंतु माणसांच्या सर्व पापांची क्षमा होईल, असे प्रभूने त्याआधीच सांगितले आहे. नेमके तेच आपण विसरतो.

संत अगस्तीनने या पापाचा अर्थ मरेपर्यंत पश्चात्ताप नाकारणे असा लावला. संत थॉमस अक्वायनसने त्याची सहा रूपे मांडली. त्यांत निराशा आहे, तसाच क्षमा गृहीत धरणारा उद्दामपणाही आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाची शिकवण हीच, की देवाच्या दयेला सीमा नाही. मात्र पश्चात्ताप न करता जो ती हेतुपुरस्सर झिडकारतो, तो स्वतःच क्षमेला मुकतो.

रत्नागिरीहून किनाऱ्याने गणपतीपुळ्याकडे जाताना आरे-वारेचा चढ लागतो. वरून दोन्ही अंगांना पुळणी आणि सुरूचे बन दिसते. हा समुद्र देखणा, तितकाच फसवा. येथे पर्यटक बुडाल्याच्या दुःखद घटना घडल्या आहेत. बुडत्याने फेकलेला दोर मुद्दाम झिडकारला, तर दोर आखूड होता असे म्हणता येत नाही. आणि 'मला क्षमा मिळेल का?' असे जो कळवळून विचारतो, त्याने दोराकडे हात केलेलाच असतो.

पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. यहूदानेही आपले पाप ओळखले, तीस नाणी परत केली. पण तो याजकांकडे गेला, येशूकडे गेला नाही. त्याचा निवाडा आम्ही करणार नाही. पेत्र मात्र रडला आणि पुढे सरोवरकाठी प्रभूसमोर उभा राहिला, एवढे आपल्याला ठाऊक आहे.

क्षमा करणारी माणसे आपल्यातही होऊन गेली. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांचे सोबती संत पॉल मिकी यांनी क्रुसावरूनच मारणाऱ्यांना क्षमा केली. मध्य प्रदेशात गोरगरिबांची बाजू घेणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात हत्या झाली. मारेकरी समुंदर सिंग याला त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन राखी बांधली. शिक्षा भोगत असलेल्या त्या माणसाने ती राखी स्वीकारली. न्यायाला क्षमेची आडकाठी झाली नाही, अन् क्षमेला न्यायाची.

आपल्याकडे मात्र बांधावरून, सामायिक विहिरीवरून, कलमांच्या वाटणीवरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. एकाच मिस्सेत दोन टोकांच्या बाकांवर बसून दोघेही प्रभूची प्रार्थना म्हणतात. हा अबोला म्हणजेच ते अक्षम्य पाप नव्हे. पण तो मुरत गेला, की भावाने मयताला खांदा दिला तरी 'यात त्याचा काही स्वार्थ असेल' असे वाटू लागते. चांगल्याला वाईट म्हणण्याची ही सवय त्या शास्त्र्यांची आहे, आणि भ्यायचे असेल तर या सवयीला भ्यावे.

मनातली जखम दुखत राहणे हे पाप नव्हे. जखम भरायला वेळ लागतो. तोवर भावाच्या हातून घडलेली एक तरी चांगली गोष्ट मोठ्याने कबूल करावी, एवढी सुरुवात पुरे. आणि ज्यांना जुन्या पापाची भीती वाटते, त्यांनी या शनिवारी सायंकाळी देवळात यावे. धर्मगुरू तेथे बसलेला असतो.