कोंबड्या डालल्या का?

लालबाग-परळ म्हटलं की गणपती आठवतात, मिरची कांडपाचा खकाणा आठवतो, गिरण्यांचे भोंगे आठवतात. कोंबड्या मात्र चटकन कुणाला आठवत नाहीत. पण मैत्रिणींनो, कोकणातून आणि घाटावरून माणसं गिरण्यांत कामाला आली, त्यांच्या मागून त्यांच्या बायका आल्या, आणि बायकांच्या मागून पाटीत पाय बांधलेल्या कोंबड्याही आल्या. चाळीच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, पत्र्याच्या आडोशाला खुराडं उभं राहिलं. दिवेलागणीला गावाकडे जसं विचारतात तसंच इथेही विचारलं जाऊ लागलं, "कोंबड्या डालल्या का गं?"

घरात गाय-म्हैस आली तर तिचा हिशेब पुरुषांकडे, पण कोंबडीचा हिशेब बाईकडे. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. फार नाही. पण त्या अंड्यांचे पैसे मागायला लागत नाहीत, ते आपल्या डब्यात पडतात. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगारांच्या घरी पगार येईना, तेव्हा बायकांनीच खानावळी चालवून, पापड लाटून, मसाले कुटून चूल पेटती ठेवली. ज्यांच्या दारात दोन कोंबड्या होत्या, त्यांना तेवढाच हातभार. म्हणून एक कोंबडी रात्रीतून नाहीशी झाली, तर 'कोंबडीच ती!' असं म्हणून सोडून देता येत नाही.

आता गिरण्यांच्या जागी टॉवर आले, १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींचाही पुनर्विकास चालू आहे. तरी शहराच्या कोळीवाड्यांत आणि जुन्या वाड्यांत पहाटे आरवणं अजून ऐकू येतं. तुमच्या गावी तर मागचं अंगण असेलच. तेव्हा चला, मुंबईच्या या गल्ल्यांतून एक फेरी मारू आणि कोंबडीचे चोर ओळखून घेऊ.

सुरुवात गिरगावातून करू. खोताच्या वाडीत लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने आणि पुढे ओटे. वर आकाश पाहा, घारी गोल फिरत असतात. चौपाटी जवळ, मासळीची आतडी कुठे ना कुठे पडलेली, म्हणून त्यांचा मुक्काम कायमचा. घार मोठ्या कोंबडीच्या वाटेला सहसा जात नाही, पण पिल्लू क्षणात उचलते. हिवाळ्यात तिची घरटी असतात, तेव्हा तर तिला पिल्लांची फारच गरज. कावळा तिचा धाकटा भाऊ. तो अंड्याला चोच मारतो आणि एकटं पडलेलं पिल्लू ओढून नेतो. दोघेही दिवसाढवळ्या येतात, आणि दोघांवरही उपाय एकच, वरून झाकण. पिल्लं तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत त्यांना उघड्यावर सोडू नका. डालग्याखाली किंवा वरून जाळी लावलेल्या जागेत आईबरोबर ठेवा. जुनी मासे धरायची जाळी टाकली तरी पुरते.

तिथून परळला या. या भागाचा प्राण्यांशी जुना संबंध आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे १८८६ पासून आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि १८९९ साली गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात हाफकिन साहेबांची प्लेग प्रयोगशाळा आली, तीच आजची हाफकिन संस्था. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पुढे सिद्ध झालं. उंदीर कशामुळे येतो, हे मात्र कोणत्याही गृहिणीला विचारा. उघड्यावर दाणा सांडला की तो आलाच.

परळ-लालबागच्या चाळींतली खरी चोर म्हणजे घूस. वजनाने किलोभराची होते, जमिनीखालून भुयार काढते आणि मोरीच्या भोकातून, गटाराच्या फटीतून आत शिरते. अंडी नेते, पिल्लं नेते, आणि रात्री अंधारात डोळे मिटून बसलेल्या कोंबडीचे पायही कुरतडते. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती पळूही शकत नाही. म्हणून खुराडं जमिनीपासून हातभर उंच, चार पायांवर ठेवा. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवून घ्या. मातीचं अंगण असेल तर जाळी खुराड्याच्या चारी बाजूंनी फूटभर खोल गाडा. आणि संध्याकाळी उरलेला दाणा उचलून डब्यात ठेवा.

दादरला शिवाजी पार्कच्या बाजूला झाडं जास्त, जुनी घरंही आहेत. जिथे झाडं, कौलं आणि पोटमाळे असतात तिथे मुंबईतसुद्धा उदमांजर राहतं. ते फळं खातं, उंदीरही खातं, आणि सापडलं तर खुराड्यातही शिरतं. रात्रीचं चढून येतं, त्यामुळे दार बंद आणि छप्पर उघडं असेल तर उपयोग नाही. मुंगूस मात्र दिवसाचं. फटीतून शिरतं आणि मानेलाच धरतं. भटकी कुत्री आणि बोके तर सगळ्यांच्या ओळखीचे.

चोर कोण, हे खुणांवरून बहुतेक वेळा कळतं:

- पिल्लू दिवसा गायब, एक पीसही नाही: घार.
- अंड्याला वरून भोक, आतलं खाल्लेलं: कावळा.
- अंडी गायब, जवळच भोक आणि ताजी उकरलेली माती: घूस.
- कोंबडी तिथेच मेलेली, मानेला चावा: बहुधा मुंगूस.
- जाळी फाडलेली, एकापेक्षा जास्त कोंबड्या मेलेल्या: कुत्रा.

आता जाळीविषयी दोन शब्द. बाजारात 'कोंबडी जाळी' म्हणून सहा कोनांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, चोराला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो आणि मुंगूस तिच्यातून शिरतं. अर्ध्या इंचाची, चौकोनी, वेल्ड केलेली जाळी घ्या. पैसे थोडे जास्त जातील, पण एकदाच जातील. आणि दाराला नुसती कडी पुरत नाही. तुमची लेक-सून अमेरिकेत असेल आणि मागच्या अंगणात कोंबड्या पाळत असेल, तर तिला विचारा. तिथे रॅकून नावाचा प्राणी आहे. त्याचे पुढचे पाय इतके हुशार की साधी कडी तो सहज काढतो. तिथल्या बायका कडीत खिळा किंवा हूक अडकवतात. आपल्याकडेही कडी घालून कोयंड्यात खिळा अडकवा. बोक्याने ढकललं तरी दार हलणार नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. रागाच्या भरात खुराड्याजवळ विष ठेवू नका. विषारी गोळी कोंबडीच टिपू शकते, रांगणारं मूल तोंडात घालू शकतं. विष खाऊन मेलेला उंदीर मांजर खातं, घार खाते, घुबड खातं, म्हणजे ज्यांनी आपले उंदीर कमी करायचे तेच मरतात. उंदीर-घुशींसाठी पिंजरा बरा. मुंगूस, उदमांजर, घार, घुबड यांना मारणं किंवा पकडून ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. असा प्राणी घरात अडकला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

शेजारधर्मही सांभाळायला हवा. खुराड्याची घाण रोज काढा, राख पसरा, वास जाऊ देऊ नका. वस्तीत कोंबड्या पाळण्याचे नियम आपल्या नगरपालिकेत आधी विचारा. राणीखेत रोगाची लस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता. म्हणून अंगणात कावळे किंवा कोंबड्या एकाएकी मेल्या, तर हात न लावता आधी दवाखान्यात कळवा.

सगळ्यात मोठा उपाय फुकटचा आहे आणि तो रोज करायचा आहे. सूर्य मावळायच्या आत कोंबड्या मोजा, आत घ्या, दाणा उचला, कडी लावा, खिळा अडकवा. चोरांपैकी बहुतेकजण आपण विसरलेल्या एका संध्याकाळची वाट बघत असतात. घरात स्वयंपाकाची गडबड असते, मुलांचा अभ्यास असतो, हे खरंच. तर हे काम मुलांकडे द्या. सात-आठ वर्षांचं मूल कोंबड्या मोजून आत घेऊ शकतं, आणि पुढच्या वेळी अंड्यांचे पैसे आले की त्यातले चार त्याच्याही हातावर ठेवा.