चौथा फासा

दिवाळी अंकासाठी संख्याशास्त्रावर ‘काहीतरी गमतीदार’ लिहा, असा संपादकांचा निरोप आला. गमतीदार म्हणजे सूत्रं नकोत, हेही त्यांनी बजावलं. प्रयत्न करतो.

जळगावात संख्याशास्त्र शिकवणाऱ्याला लोक दोनच गोष्टी विचारतात. केळीचा भाव पुढे काय राहील, आणि आखाजी जवळ आली की पत्त्यांत जिंकायची काही युक्ती आहे का. त्यामुळे धुळ्याच्या देवपुरातली कॉलेजची मुलं फाशांचं भांडण घेऊन घरी आली तेव्हा मला बरंच वाटलं.

ही पाच मुलं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. टेबलाभोवती बसून गोष्ट रचायची. प्रत्येकाचं एक पात्र, आणि सहावा मित्र सूत्रधार. पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, दमखम, बुद्धी, शहाणपण, छाप. प्रत्येक गुणाला आकडा लागतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली अमेरिकेत आला, तेव्हा तीन फासे टाकून बेरीज घ्यायची आणि पडेल ते मुकाट्याने मान्य करायचं. सरासरी साडेदहा. अठरा पडायची शक्यता 216 मध्ये एक. पुढे 1979 च्या नियमपुस्तकात आणखी रीती आल्या. त्यातली एक सगळ्यांना आवडली. चार फासे टाका, सर्वांत लहान सोडून द्या. या चौथ्या फाशाने सरासरी सव्वाबारापर्यंत जाते आणि अठरा साधारण बासष्टांत एकदा पडतो.

हे मोजायचं कसं? ‘लीलावती’तल्या अंकपाशात भास्कराचार्यांनी विचारलं आहे: पाच स्थानांत शून्याखेरीजचे अंक मांडून बेरीज तेरा यावी, अशा संख्या किती? उत्तर 495. तीच रीत फाशांना लावा. तीन फाशांची बेरीज आठ किती प्रकारे येते? आठातून एक वजा, उरले सात. सातांतून दोन निवडायचे प्रकार 21. (फाशावर सहाच्या वर आकडा नाही, म्हणून तीन फाशांना ही सरळ रीत आठापर्यंतच चालते. संपादकांनी हा कंस कापू नये.) आपल्याच चाळीसगाव तालुक्यात, पाटणच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची 1207 सालची नोंद आहे. पाटणादेवीला सहली जातात, नवस फिटतात. शिलालेखाचं नाव काढणारा विरळा.

असो, भांडण. एका मुलाने घरी एकट्याने फासे टाकले आणि सहा आकड्यांची बेरीज 88 सांगितली. चार फाशांच्या रीतीत ही बेरीज सरासरीने साडेत्र्याहत्तरच्या आसपास यायला हवी. “सर, हाऊ खोटं बोली ऱ्हायना,” दुसरा म्हणाला. मी हिशेब मांडला. एका खेळाडूला 88 किंवा त्याहून जास्त पन्नासांत एखाद्या वेळी पडतं. पण टेबलावर पाच जण असले की दहातल्या एका टेबलावर असा नशीबवान निघणारच. संशयाला जागा आहे, पुरावा नाही. हे उत्तर कोणालाच आवडलं नाही. लोकांना आमच्याकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं असतं, आणि दुर्मीळ म्हणजे अशक्य अशी सगळ्यांची पक्की समजूत असते. तो मुलगा त्यानंतर खेळायला आला नाही, असं कळलं. ते अजून खुपतं.

खरा वाद मात्र त्याच्या प्रामाणिकपणाचा नव्हताच. फासे सगळ्यांना सारखे, म्हणून निकाल न्याय्य, असं मुलं धरून चालतात. दोघांनी अगदी सचोटीने फासे टाकले तरी तीनांतल्या एका जोडीत बेरजेचा फरक दहा किंवा जास्त पडतो. पत्त्यांचा डाव तासाभरात मोडतो, पुढचा नवा. इथे एका संध्याकाळचे फासे वर्ष-दीड वर्ष मानगुटीवर बसतात!

म्हणून 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तयार संच दिला आहे: 15, 14, 13, 12, 10, 8. तो हवेतून आलेला नाही. चार फाशांचे सहा आकडे उतरत्या क्रमाने लावून सरासरी काढली तर 15.7, 14.2, 13, 11.8, 10.4, 8.5 येतात. संच तोच, जरा हात आखडून. किंवा 27 गुण घ्या आणि आकडे विकत घ्या: आठ फुकट, तेराला पाच, चौदाला सात, पंधराला नऊ. बेरीज करून पाहा, तयार संचाची किंमत बरोबर 27 भरते. मला हे फार देखणं वाटतं, मुलांना नाही. त्यांचं म्हणणं, मग प्रत्येक योद्धा ताकदीत पंधरा आणि बुद्धीत आठच निघतो. यात तथ्य आहे, हे मान्य करायला मला जड जातं.

तेव्हा माझा निवाडा असा. सगळ्यांसमोर, एकाच टेबलावर, चार फासे सहा वेळा टाका. येतील ते सहा आकडे पाचही जणांनी घ्या. कुठला आकडा कुठल्या गुणाला, ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि त्या पाचव्याला आधी बोलावून घ्या.