दामण

माझ्या एका भाषांतरात, भर वादळात, खलाशी 'शिडाची चादर' ओढतात. मूळ इंग्रजी कादंबरीत शब्द होता 'शीट'. टेबलावर चार कोश होते, पण प्रकाशकाला हस्तलिखित द्यायची तारीख त्यांच्याहून जवळ होती. शीट म्हणजे चादर, शीड म्हणजे मोठी चादरच, असा विचार करून मी पुढे गेले.

पुस्तक छापून आल्यावर पहिली प्रत बाबांना दिली. महिन्याभरानं ती परत आली, समासात पेन्सिलीच्या खुणांसकट. त्या वाक्यापाशी लिहिलं होतं : 'ही चादर नव्हे, दोर. आपल्याकडे दामण म्हणतात.' खाली मालवणीत : 'ह्यां कोणी सांगल्यान तुका?'

मला राग आला. तौलनिक साहित्यात एम.ए. केलेल्या, पुस्तकावर चार बरे अभिप्राय आलेल्या मुलीला यावा तसा आला. प्रत मी कपाटात वरच्या फळीवर टाकली. बाबांनी पुन्हा विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

बाबा मालवणचे. आजोबा मचव्यावर तांडेल होते. मंगलोरी कौलं, मीठ, नारळ वाहायचे. बाबा अठराव्या वर्षी गाव सोडून रेल्वेत लागले आणि उभं आयुष्य खरगपूरच्या कारखान्यात काढलं. घरात मराठी होती, समुद्र नव्हता. आमच्या घराची गोष्ट सांगताना मी नेहमी म्हणायचे, 'आमचा समुद्र सुटला.' ऐकणारे हळहळत. मलाही ते वाक्य आवडायचं.

गेल्या जून महिन्यात स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आउटर हेब्रिडीज बेटांमध्ये, एका शिडाच्या जहाजावर दहा दिवसांच्या रेसिडेन्सीला गेले. आम्ही सहा जण होतो : दोन चित्रकार, एक कुंभारकाम करणारी, एक ध्वनिमुद्रण करणारा, एक कवी आणि मी. अर्जात मी लिहिलं होतं की मला 'बेटांच्या मौनाचं भाषांतर' करायचं आहे. दुसऱ्या दिवशी बादलीवर वाकलेली असताना ते वाक्य आठवलं. बोट लागणं म्हणजे काय, हे मला तोवर फक्त शब्दार्थानं माहीत होतं.

कलाकारांना जहाजावर नेण्याची कल्पना आता नवी नाही. डेव्हिड बकलंड यांनी 2001 साली 'केप फेअरवेल' सुरू केलं आणि लेखक, शिल्पकार, शास्त्रज्ञ यांना शिडाच्या जहाजातून स्वालबार्डच्या बर्फात नेलं. 2005 साली इयन मॅकइवन त्यांच्यासोबत होते. पृथ्वी वाचवायला निघालेल्या मंडळींना बूट-कपडे ठेवायची एक खोली नीट ठेवता येत नाही, हा तिथला अनुभव त्यांच्या 'सोलर' या 2010च्या कादंबरीत उतरला. आमच्या जहाजावर ती खोली नव्हती, म्हणून बूट सगळीकडे होते. चार चार तासांचा पहारा, बटाटे सोलणं, पंप मारून संडास साफ ठेवणं, यातून उरलेल्या वेळात कला. वही मी दोनदा उघडली, दोन्ही वेळा ती भिजली.

बाबांची ती प्रत सोबत घेतली होती. का घेतली, हे कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सेंट किल्डाला निघालो ते पहाटे. तिथे जूनमध्ये रात्र पुरती काळी होतच नाही, त्यामुळे पहाट म्हणजे घड्याळात चार. बेटं आउटर हेब्रिडीजच्या पश्चिमेला साठहून अधिक किलोमीटरवर, उघड्या अटलांटिकमध्ये आहेत. कप्तानबाईंनी एक ओला, जाड दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, 'शीट. मी सांगेन तेव्हा ओढ, सांगेन तेव्हा सैल सोड.' वारा आला, शीड फडफडायला लागलं. त्यांनी हाक दिली, मी ओढलं. फडफड थांबली, जहाज एका कुशीवर कललं आणि पाणी कापत निघालं. तळव्याची साल निघाली होती.

पहारा संपल्यावर खाली जाऊन पुस्तक उघडलं. पान 47वर पेन्सिलीत होतं : 'दामण सोडली की शीड फडफडतं, ओढली की गप्प होतं. तू उलट लिहिलं आहेस.' उलट लिहिलं होतं खरंच. बारा वर्षं ते वाक्य तसंच छापलेलं होतं.

सेंट किल्डा हे नावच एक चूक आहे. किल्डा नावाचा कोणी संत होऊन गेला नाही. कोणत्या तरी नकाशात काही तरी चुकीचं वाचलं गेलं आणि तेच रूढ झालं. मोठ्या बेटाचं नाव हिर्टा. लोक गेलिक बोलत. समुद्रपक्षी, त्यांची अंडी, मेंढ्या आणि थोडं धान्य यांवर जगत. रोज सकाळी गावातले पुरुष रस्त्यावर जमून आज काय काम करायचं ते ठरवत. पत्र पाठवायचं तर लाकडाच्या तुकड्यात पोकळी कोरत, त्यात पत्र ठेवत, तरंगण्यासाठी मेंढीचा फुगवलेला मूत्राशय बांधत आणि वारा बघून ते पाण्यात सोडत. कुणाला सापडेल, कधी सापडेल, याचा भरवसा नसे.

29 ऑगस्ट 1930 रोजी उरलेली 36 माणसं बेट सोडून गेली. प्रत्येक घरात उघडं बायबल आणि ओटचे थोडे दाणे ठेवून गेली, असं सांगतात. मला ही गोष्ट आधीपासून माहीत होती आणि मौनाचं भाषांतर वगैरे जे मी अर्जात लिहिलं, ते याच दाण्यांच्या जोरावर. पण छोट्या होडीतून किनाऱ्यावर उतरून, छप्पर नसलेल्या घरांच्या त्या एका ओळीतून चालताना, तिथे आलेल्या सगळ्यांना सांगतात तेच मलाही सांगितलं गेलं : त्यांना कोणी हाकललं नव्हतं. 10 मे रोजी त्यांनी स्वतः सरकारकडे अर्ज केला होता, आम्हाला यंदा इथून न्या म्हणून. अर्ज इंग्रजीत होता. ज्या बेटावर झाड नावालाही नाही, तिथल्या पुरुषांना मुख्य भूमीवर वनखात्यात कामं मिळाली.

मी एका घराच्या उंबऱ्यावर बसले. दगडी घराच्या आत हिरवंगार गवत होतं आणि एक मेंढी मला बघत उभी होती. अठरा वर्षांच्या मुलानंही रेल्वेला अर्ज केला होता. तोही इंग्रजीतच असणार. आमचा समुद्र सुटला नव्हता. बाबांनी तो सोडला होता, विचार करून, पोटासाठी. शब्द मात्र सोबत नेले होते. खरगपूरच्या त्या घरात त्यांना कधी कोणी विचारले नाहीत. आणि मग मुलीनं समुद्राचं पुस्तक आणून हातात दिलं.

संध्याकाळी खाडीत नांगर टाकलेला असताना कप्तानबाईंना विचारलं, शीटला गेलिकमध्ये काय म्हणतात. त्या लुइस बेटावरच्या, गेलिक घरातल्या. 'स्कॉड,' त्या म्हणाल्या आणि आपल्या जाकिटाचं टोक चिमटीत धरून दाखवलं. 'हेही स्कॉडच. कापडाचं टोक.'

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आमची दामण जिथून आली त्या फारसी दामनचा अर्थही तोच : वस्त्राचा घेर, पदर. कोकणातले, गुजरातचे, चितगावचे खलाशी इंग्रजांच्या जहाजांवर जी मिश्र बोली बोलत, तिचा कोश टॉमस रोबक यांनी 1811 साली कलकत्त्यात छापला. त्यातही शीटसाठी दामन आहे. आणि दोराचं नाव असलेलं इंग्रजी शीटसुद्धा शिडाच्या टोकासाठीच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आलेलं, चादरीच्या शीटचा सख्खा चुलतभाऊ. वेगवेगळ्या किनाऱ्यांवरच्या माणसांनी पदर धरला आणि जो दोर धरला त्यालाच पदराचं नाव दिलं. माझ्या चादरीतही तो धागा होता, पण मला ते माहीत नव्हतं. म्हणून ती चूकच.

हे ज्यांना सांगायचं ते ऐकायला नव्हते. कप्तानबाईंना सांगितलं. त्यांनी दामण हा शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि उद्याचं हवामान ऐकायला आत गेल्या.

कोलकात्याला परतल्यावर खुणा मोजल्या. 41 आहेत. शेवटची पान 112वर. त्यापुढे पेन्सिल नाही. तारखा जुळवून पाहिल्या तेव्हा कळलं, त्याच सुमाराला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी समजत होते की त्यांनी पुस्तक कंटाळून परत पाठवलं.

प्रकाशक म्हणतात, दुसरी आवृत्ती निघणार नाही. तरी पान 113पासून मी पेन्सिल घेऊन बसते आहे. दामण, परबाण, सुकाणू, नाळ असे जे जे ठाऊक झालं ते समासात लिहिते. सध्या पान 140वर आहे. तिथला एक दोर नेमका कुठे बांधतात ते मला कळत नाही, आणि कोशात तो नाही. डिसेंबरात मालवणला जायचं ठरवलं आहे. तिथे अजून एक-दोन म्हातारे तांडेल असतील, तर त्यांना विचारेन.